दलाली नेमकी कशासाठी द्यायची?

पुण्यात जुना फ्लॅट विकायला किंवा घ्यायला निघालेल्या माणसाला घरचे, शेजारचे आणि ऑफिसातले सगळे एकच सल्ला देतात, की ब्रोकरच्या नादी लागू नकोस, उगाच लाखभराचा भुर्दंड बसेल. हा सल्ला मला अर्धाच पटतो. दलाली महाग आहे हे खरे, पण तिच्या बदल्यात काय मिळते आणि काय मिळत नाही हे न पाहता ती वाचवायला जाणारे लोक बरेचदा चुकीच्या ठिकाणी काटकसर करतात. मावशीचा कोथरूडमधला फ्लॅट नुकताच विकला गेला, त्या व्यवहारात मी पहिल्यापासून होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रीसेलच्या व्यवहारात आपल्याकडे साधारणपणे एक ते दोन टक्के दलाली मागितली जाते आणि तीही बहुधा दोन्ही पक्षांकडून. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का म्हणजे ८०,००० रुपये होतात. एजंट जीएसटी भरणारा असेल तर १८ टक्क्यांप्रमाणे आणखी १४,४०० रुपये वाढतात. घेणाऱ्याला पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५,६०,००० रुपये, आणि ३०,००० रुपये नोंदणी फी भरावीच लागते. सरकारला दिलेल्या पैशांबद्दल कोणी कुरकुरत नाही, कारण तिथे घासाघीस चालत नाही. सगळा राग एजंटवर निघतो.

मात्र टक्केवारीच्या पद्धतीतच एक खोट आहे, ती समजून घेतली पाहिजे. तुमचा फ्लॅट ऐंशीऐवजी अठ्ठ्याहत्तर लाखांना गेला तर तुमचे दोन लाख जातात आणि एक टक्का घेणाऱ्या एजंटचे फक्त दोन हजार. त्या दोन हजारांसाठी तो आणखी दोन महिने थांबेल, ही अपेक्षा भाबडी आहे. त्याचे हित व्यवहार लवकर होण्यात आहे, भाव चढा मिळण्यात नाही. आणि तो दोन्हीकडून दलाली घेत असेल तर तो कोणाच्या बाजूने बोलतो आहे, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ उरत नाही. म्हणून ज्या किमतीखाली तुम्ही उतरणार नाही, तो आकडा एजंटला कधीही सांगू नये. भावाचा अंदाज स्वतः काढावा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येतो. आपल्याच सोसायटीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष किती रुपयांचे दस्त झाले, हे त्यातून कळते. जाहिरातीत मालक जो भाव लिहितात, तो त्यांच्या मनातला असतो.

मग एजंटने दलाली कमावली ती कुठे? गिऱ्हाईक आणण्यात, असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते ते काम आता निम्मे मोबाइलवर होते. खरी कमाई विसार पावतीनंतरची आहे. मावशीच्या फ्लॅटवर थोडे गृहकर्ज शिल्लक होते आणि घेणाराही कर्ज काढूनच घेणार होता. त्याची बँक म्हणे, मूळ कागद दाखवा, मग पैसे देऊ. मावशीची बँक म्हणे, आधी कर्ज फेडा, मग कागद देऊ. यातून मार्ग असतो, पण तो ठाऊक असावा लागतो. मावशीच्या बँकेकडून, बँकेत जमा असलेल्या कागदपत्रांची यादी आणि फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला किती रक्कम भरावी लागेल ते सांगणारे पत्र, घ्यायचे, घेणाऱ्याच्या बँकेने पहिला डीडी थेट त्या कर्जखात्याच्या नावे काढायचा आणि कागद सुटले की ते परस्पर घेणाऱ्याच्या बँकेच्या माणसाच्या हाती द्यायचे. फोरक्लोजर लेटरवरची रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतची असते. डीडी चार दिवस उशिरा निघाला तर तेवढ्या दिवसांचे व्याज कमी पडते आणि खाते बंदच होत नाही. आमच्या एजंटने हे आधीच ओळखून मावशीला खात्यात थोडे जास्तीचे पैसे ठेवायला सांगितले होते, आणि डीडी खरोखरच उशिरा निघाला. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करावेत आणि उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. शाखेत हा नियम शांतपणे ऐकवण्याचे कामही त्यानेच केले. मावशीला सत्तरीत हे सगळे एकटीने जमले नसते आणि मलाही नोकरी सांभाळून जमले असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

तरीही एजंट म्हणजे वकील नव्हे. ‘टायटल क्लिअर आहे, मी जबाबदार’ या वाक्याला कागदावर काडीची किंमत नाही. मालकीची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची थकबाकी, मयत मालकाचे वारस हे सारे स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि तो वकील एजंटने सुचवलेला नसावा. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, एजंटांची नोंदणी आणि २०२३ पासून सक्तीचे झालेले प्रशिक्षण व परीक्षा यांमुळे नव्या प्रकल्पांत थोडी शिस्त आली आहे, पण जुन्या सोसायटीतल्या रीसेलला ते बंधन थेट लागू होत नाही.

नव्या प्रकल्पांत ‘तुमच्याकडून एक रुपयाही दलाली नाही’ असे सांगितले जाते. चॅनल पार्टनरला, म्हणजे बिल्डरकडे गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटला, पैसे बिल्डर देतो आणि ते फ्लॅटच्या किमतीतूनच येतात, एवढे लक्षात ठेवून साइटवर पहिल्यांदा एकटे जावे. एकदा कोणाच्या नावावर तुमची भेट नोंदली गेली, की तेवढी सूट थेट मागायला फारशी जागा राहत नाही.

भाड्याच्या घरासाठी एक महिन्याचे भाडे मला मान्य आहे. अकरा महिन्यांनी तोच भाडेकरू त्याच घरात राहत असताना पुन्हा अर्धे भाडे मागणे मात्र मला साफ अमान्य आहे, कारण त्यात शोधायचे काही नसते आणि करारनामा ऑनलाइन नोंदवता येतो. त्या नोंदणीचे काम एजंटकडून करून घ्यायचे असेल, तर त्याचे वेगळे ठरवावे.

विक्रीसाठी आम्ही एक टक्का कबूल केला, पण घर दाखवण्यापूर्वीच तो व्हॉट्सॲपवर लिहून घेतला. त्यात जीएसटी धरलेला आहे की वेगळा, हेही लिहिले. निम्मी रक्कम दस्त नोंदवल्यावर आणि उरलेली निम्मी कर्जखाते बंद होऊन विक्रीच्या रकमेचा शेवटचा हप्ता मावशीच्या खात्यात जमा झाल्यावर, अशी अट घातली. एजंटने सुरुवातीला नाक मुरडले. सगळे पैसे नोंदणीच्या दिवशीच घेण्याचा इकडे रिवाज आहे. पण बँकांमधली खेटी नोंदणीनंतरच सुरू होतात, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले माहीत होते, त्यामुळे त्याने ते मान्य केले.