कात्रज मेट्रो: खांब नव्हे, भुयार
पुण्यातल्या स्वारगेट-कात्रज मेट्रोसाठी सातारा रस्त्यावर खांब उभे राहणार, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. साधारण साडेपाच किलोमीटरचा हा वाढीव मार्ग संपूर्ण भुयारी आहे. गोंधळ का झाला तेही कळतं: पिंपरीकडून स्वारगेटला येणारी मेट्रो सुरुवातीला खांबांवरूनच धावते, पण शिवाजीनगरच्या आधी जमिनीखाली उतरते. स्वारगेट स्थानकही भुयारातच आहे. पुढचा बोगदा तिथूनच निघेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ला मंजुरी दिली, तेव्हा मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज अशी तीन स्थानकं, २,९५४.५३ कोटी खर्च आणि फेब्रुवारी २०२९ची मुदत ठरली होती.