सोलरच्या प्लेटा चहा पीत नाहीत

परवा गावी गेलो होतो. विदर्भातलं थर्मलचं, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राचं गाव. पहाटे साडेपाचची गर्दी अजून तशीच आहे. पाळीला निघालेल्या मोटारसायकली, हँडलला डबा, गळ्यात गेटपास. बाबा कोल हँडलिंगला होते, त्यामुळे टिपलर, क्रशर, कन्व्हेयर हे शब्द मला पाढ्यांच्या आधी आले. टपरीवर सौरऊर्जेचा विषय निघाला, तर काका कप विसळत म्हणाले, "थर्मल बंद करून सोलर लावतीन म्हणे. प्लेटा चहा पेते का गा भाऊ?"

हसलो खरा, पण ते डोक्यातून जाईना.

पर्यावरणवाल्या मित्रांनो, मी तुमच्याच बाजूचा आहे. २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला, ही काही लहान गोष्ट नाही. पण क्षमता वेगळी आणि तारेतून येणारी वीज वेगळी. तिच्यात कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. संध्याकाळी सातला सूर्य गेलेला असतो आणि घरोघरी कूलर सुरू. ती वेळ निभवायला बॅटऱ्या लागतील, घाटघरसारखे पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प लागतील. होतील. इंजिनियर लोक ते कोडं सोडवतील.

टपरीचं कोडं कोण सोडवणार?

एकट्या चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं. असं केंद्र बंद झालं तर कायम नोकरीवाल्याची बदली होते. कंत्राटी कामगार, ट्रकवाले, पोरांना खोल्या भाड्याने देणारी मावशी, यांची बदली कुठे करणार? शिवाय खाणींच्या रॉयल्टीसोबत जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणपट्ट्यातल्या लोकांसाठीच्या निधीला, मिळणारा पैसाही कोळसा थांबला की आटणार.

दक्षिण आफ्रिकेने कोमाटीचं कोळशाचं केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केलं. जागतिक बँकेचं कर्ज होतं, सौर, पवन, बॅटरी, प्रशिक्षण असा सगळा आराखडा होता. पण बॉयलर आधी थंड झाले आणि रोजगार मागून रखडत राहिला. आपण उलटं करावं. जुन्या केंद्रांपाशी जमीन आहे, वीज ग्रिडला जोडणारं स्विचयार्ड आहे, उच्चदाब वाहिन्या आहेत. बॉयलर म्हातारा होतो, पण त्या जागेचं मोल कमी होत नाही. चिमणी धुरत असतानाच शेजारी बॅटऱ्या बसवा, आणि त्या बसवायला इथलीच पोरं घ्या.

आणि त्याआधी एक यादी करा, कंत्राटी माणसांच्या नावांची. बाबा निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ मिळालं, फोटो निघाला. त्यांच्या कन्व्हेयर बेल्टखाली सांडलेला कोळसा वीस वर्षं फावड्याने ओढणारा एक माणूस त्या फोटोत मागे उभा आहे. ठेकेदार बदलला की त्याचं नाव नव्या वहीत चढायचं, कधी कधी चुकीचंच. परवा टपरीवर भेटला. चहाचे पैसे त्यानेच दिले.