सूट येते कुठून, काका?

नमस्कार काका,

माझ्या लिखाणावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅनडातल्या आपल्या ऑन्टारियो प्रांतात विजेचं वाटोळं आधीच्या लिबरल सरकारने केलं आणि मी उगाच कन्झर्वेटिव्ह प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) डग फोर्डना झोडपतोय, फोर्डनी निदान हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल तरी आटोक्यात ठेवलं, आणि जिथे ऑपरेशनला एक डॉलर मोजावा लागत नाही तिथल्या दवाखान्यांना नावं ठेवणं हा माज झाला. जाता जाता "आधी महाराष्ट्रात काय चाललंय ते बघा" हेही आहेच.

लिबरलांचं पाप मी कधीच झाकलेलं नाही. ओकव्हिलचा गॅस प्लांट 2010 मध्ये रद्द झाला, मिसिसागाचा 2011 च्या ऐन प्रचारात, तोही बांधकाम चालू असताना. महालेखापरीक्षकांनी दोन्हींचा भुर्दंड मिळून एक अब्ज डॉलरच्या आसपास काढला. बदली प्लांट गेले नेपनी आणि सार्नियाकडे, म्हणजे वीज हवी तिथून शेकडो किलोमीटर लांब. पण मिसिसागाचा प्लांट आम्हीही होऊ देणार नाही, असं त्याच निवडणुकीत कन्झर्वेटिव्ह आणि डावीकडचे एनडीपीवाले सांगत फिरत होते, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. फोर्ड 2018 मध्ये आले आणि आल्या आल्या त्यांनी अपारंपरिक विजेचे 758 करार मोडले. त्याचे 23 कोटी डॉलर आपणच भरले. आणि हो, 2014 मध्ये कोळशावरचा शेवटचा प्लांट बंद केला तो लिबरलांनीच. श्रेय द्यायचं तर तेही द्या.

खरा मुद्दा तुमच्या दुसऱ्या वाक्यात आहे, 'बिल आटोक्यात ठेवलं'. काका, बिल हातात घ्या. वर विजेचा आकार, खाली डिलिव्हरी, रेग्युलेटरी चार्जेस, एचएसटी हा विक्रीकर, आणि मग वजा चिन्ह लावून ऑन्टारियो इलेक्ट्रिसिटी रिबेट, म्हणजे सरकारी सूट. 1 नोव्हेंबर 2025 ला दर वाढले, आणि त्याच दिवशी ही रिबेट 13.1 टक्क्यांवरून 23.5 टक्क्यांवर गेली. वीज स्वस्त झालेली नाही. वजा दिसणारी रक्कम कुठल्याही वीज कंपनीने सोडलेली नाही, ती प्रांताच्या तिजोरीतून जाते, म्हणजे तुमच्या-माझ्याच टॅक्समधून. ही चलाखी मुळात फोर्डच्या आधीच्या लिबरल प्रीमियर कॅथलीन विनबाईंची. 2017 मध्ये त्यांनी कर्ज काढून बिलं 25 टक्क्यांनी कमी करून दाखवली. फोर्डनी त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं आणि सत्तेत आल्यावर तोच भार सरळ बजेटवर टाकला. विधिमंडळाच्याच फायनान्शियल अकाउंटेबिलिटी ऑफिसने 2022 मध्ये हिशोब मांडला: वीज सवलतींवर 20 वर्षांत 118 अब्ज डॉलर. वर्षाला सरासरी जवळपास सहा अब्ज.

शिवाय सूट टक्क्यांत आहे, म्हणजे जो जास्त जाळेल त्याला जास्त. गरम पाण्याचा स्विमिंग पूल असलेल्या बंगल्याला घसघशीत सूट, आणि ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या पोरांना काय? त्यांचं बिल घरमालकाच्या नावावर.

आता दवाखाना. 'हॉलवे हेल्थ केअर' (म्हणजे रुग्णांवर कॉरिडॉरमध्येच उपचार) संपवू, हे 2018 मधलं फोर्डचंच वचन. मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका आजींना घेऊन इमर्जन्सीत गेलो होतो. कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर भिंतीला लावलेला आणि त्याच्या वर भिंतीवर छापील क्रमांक. हाताने लिहिलेला कागद असता तर आजची गर्दी आहे म्हणून सोडून दिलं असतं. छापील क्रमांक म्हणजे कॉरिडॉर हाच वॉर्ड, असं कुणीतरी ठरवून टाकलंय. नर्स बिचारी धावत होती. याच नर्सेसची पगारवाढ फोर्ड सरकारच्या 2019 च्या 'बिल 124' या कायद्याने तीन वर्षं वर्षाला एक टक्क्यावर बांधून ठेवली होती. कोर्टाने तो कायदा 2022 मध्ये घटनाबाह्य ठरवला, सरकार अपिलात गेलं, फेब्रुवारी 2024 मध्ये तिथेही हरलं. तोवर कितीतरी जणी सोडून गेल्या होत्या आणि हॉस्पिटलं एजन्सीच्या नर्सेसना जास्त पैसे मोजत होती. मिंडेन या छोट्या गावातली इमर्जन्सी 1 जून 2023 ला कायमची बंद झाली; गावाला सहा आठवड्यांची पूर्वसूचना मिळाली होती.

आणि 'फुकट'? 2004 पासून इन्कम टॅक्सबरोबर हेल्थ प्रीमियम कापला जातो, वर्षाला 900 डॉलरपर्यंत. आपण आधी भरतो आणि मग रांगेत उभे राहतो, एवढंच. 2025 च्या सुरुवातीला वीस लाखांहून जास्त लोकांना फॅमिली डॉक्टर नव्हता. त्यासाठी त्याच जानेवारीत सरकारने 1.8 अब्ज जाहीर केले, माजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. जेन फिलपॉटना कामाला लावलं, ते चांगलंच झालं. पण ते 1.8 अब्ज चार वर्षांचे आहेत. वर वीज सवलतींचा वर्षाचा सहा अब्जांचा आकडा आहे, तो शेजारी ठेवून बघा. मी फोर्डना झोडपतो ते यासाठी.

महाराष्ट्राबद्दल म्हणाल तर तिथेही 2024 मध्ये, विधानसभेच्या आधी, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ झालं. इथे 27 फेब्रुवारी 2025 च्या मतदानाआधी घरोघरी सरकारचा 200 डॉलरचा चेक आला. तुम्हाला आला, मलाही आला. तिकडचं बघा म्हणालात, तर तिकडे आणि इकडे फरक चलनाचा.

रिबेट उद्या बंद करा, असं मी म्हणत नाही. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ऑन्टारियो इलेक्ट्रिसिटी सपोर्ट प्रोग्रॅम आहेच, तो वाढवा आणि बाकीच्यांची सूट टप्प्याटप्प्याने काढून पैसा फॅमिली डॉक्टर आणि नर्सेसकडे वळवा. त्यात माझ्या घराची सूट गेली तरी माझी हरकत नाही. तुमच्या घराचं काय, ते पुढच्या प्रतिक्रियेत लिहा.