शून्य आणि कोरा रकाना

ओपन सोर्स म्हणजे फुकट, एवढंच डोक्यात ठेवून जिल्ह्यात सॉफ्टवेअर आणलं की पुढे हाल होतात. डीएचआयएस-2 ला, म्हणजे आरोग्य केंद्रांचे अहवाल गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरला, लायसनचा एक रुपया लागत नाही, कबूल. पण खरी कमाई वेगळी आहे. कुठली सेटिंग बदलायची हे आपण ठरवू शकतो, कंपनीच्या पाया पडावं लागत नाही. फक्त ते जाणणारा एक माणूस जिल्ह्यात पगारावर हवा, आणि नेमकी तीच जागा कुणी भरत नाही.

शून्याचंच घ्या. भामरागडकडच्या उपकेंद्राने जुलैत मलेरियाचे रुग्ण 0 भरले. डीएचआयएस-2 मूळ सेटिंगमध्ये शून्य साठवतच नाही, डेटाबेस फुगू नये म्हणून. मग रक्तनमुने तपासून एकही रुग्ण न सापडलेलं उपकेंद्र आणि सिस्टरची जागा रिकामी म्हणून अहवालच न आलेलं उपकेंद्र, दोघांचाही रकाना कोरा. साथरोग आणि मृत्यूच्या प्रत्येक डेटा एलिमेंटला (अहवालातल्या एकेका आकड्याच्या रकान्याला) ‘शून्य साठवा’ ही खूण सुरुवातीलाच करा. नंतर केली तर मागचे शून्य परत येत नाहीत.

दुसरी खोड तपासणी-नियमांची, म्हणजे भरलेले आकडे एकमेकांशी जुळतात का हे बघणाऱ्या नियमांची. ‘जन्म = प्रसूती’ असा नियम लावला की जुळं झालं त्या महिन्यात लाल ओळ येते. ऑपरेटर मग ती घालवायला आकडा जुळवतो! जिवंत आणि मृत जन्मांची बेरीज प्रसूतींइतकी किंवा जास्त, असा नियम हवा.

आणि माहेर. धारणीत नोंदलेली बाई बाळंतपणाला दुसऱ्या तालुक्यात जाते. बेरजेच्या अहवालात इथे प्रसूती कमी दिसते, तिथे नोंदणीपेक्षा जास्त, आणि बैठकीत बोलणी खाते इथली सिस्टर. याला नावनिशीवार नोंदच लागते, म्हणजे डीएचआयएस-2 मधला ट्रॅकर. टॅबवर तो ऑफलाइन चालतो, पण नव्या बाईचा नोंदणी नंबर आधी सर्व्हरवरून राखून आणलेला असतो. महिनाभर टॉवर नसलेल्या गावांना राखीव नंबर जास्त द्या, नाहीतर ते संपले की नोंदणीच अडते आणि पुन्हा कागदी रजिस्टर निघतं.

बॅकअप त्याच मशीनवर ठेवणं म्हणजे न ठेवणं. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर तो उघडून बघा. नोंदींना जोडलेले फोटो डेटाबेसमध्ये नसतात, मूळ मांडणीत ते वेगळ्या फोल्डरात पडतात. तो फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायचा राहिलाय, हे तेव्हाच कळतं.