मशीन लावतं कोण, काका?

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रविवारी एका काकांनी मेसेज टाकला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. मिक्सर, वॉशिंग मशीन आल्यापासून बायकांना घरात काम उरलं नाही. जे आहे त्यातलं निम्मं नवरे करतात. तरी शिकलेल्या मुली पाश्चात्त्यांचं बघून घटस्फोट घेतात, पूर्वी असं नव्हतं. वर ठसठशीत ‘संशोधनाने सिद्ध’. कोणाच्या, ते नाही. काका, संशोधन झालंय, पण ते भलतंच सांगतं.

आधी मशीन. अमेरिकेत यंत्रं आपल्या कितीतरी आधी घरात आली. तिथे जोआन व्हानेक यांनी १९७४ मध्ये जुन्या नोंदी ताडून पाहिल्या. नोकरी न करणाऱ्या बाईचं घरकाम १९२०च्या दशकात आठवड्याला ५२ तासांच्या आसपास होतं, १९६०च्या दशकात ५५. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये त्यामागचं कारण उलगडलं. धोपटणं-पिळणं गेलं, पण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, आणि पूर्वी धोबी, मोलकरीण, मुलं, नवरा जे करायचे तेही एकटीच्या गळ्यात आलं.

आमचंच सांगते. मशीन फुल्ली ऑटोमॅटिक. नवा लाल कुर्ता पांढऱ्यात जाऊ द्यायचा नाही, मुलाच्या खिशातून पेनाची टोपणं आणि नाणी काढायची, उद्या पीटीचा गणवेश लागणार हे रात्री साडेदहाला आठवायचं, पावसाळ्यात ओले कपडे पंख्याखाली स्टँडवर फिरवत बसायचं. बटण दाबायला एक सेकंद लागतो, खरंय. नवरा ते दाबतो आणि ‘कपडे मी लावले’ म्हणतो. कामाच्या मावशींचा ‘ताई, आज येत नाही’ हा फोन सकाळी पावणेसातला माझ्याच मोबाइलवर येतो. त्याचा नंबर त्यांच्याकडे नाहीच.

निम्म्याचं तर सरकारनेच मोजलंय. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. हे ९७ सुद्धा जे करतात त्यांचेच. सहा वर्षांवरच्या मुलग्या-पुरुषांपैकी त्या दिवशी घरकामाला हात लावणारे जेमतेम २६ टक्के. २०२४ मध्ये बायका २८९ वर आल्या. पुरुष ८८ वर.

आता घटस्फोट. २०११ च्या जनगणनेत विवाहितांच्या तुलनेत घटस्फोटितांचं प्रमाण ०.२४ टक्के होतं. कागद न करता वेगळे राहणारे ०.६१ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. मेसेजवाल्याच्या हिशेबात हे संसार ‘टिकलेले’च असणार. आणि ‘पूर्वी नव्हतं’ म्हणजे काय? मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाच १९४७ मध्ये झाला, देशभर १९५५ मध्ये. दारच नसेल तर बाहेर किती जण पडले, हे मोजणार कसं? शिवाय काडीमोड हा शब्द काय साहेबाने आणला? कितीतरी जातींत काडी मोडून लग्न मोडायची आणि पुन्हा पाट लावायची रीत होती. ती नव्हती ती मोजक्या घरांत. तिथली टाकलेली बाई भावाच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढायची, आणि तिला कुणी घटस्फोटित म्हणत नसे.

राहिलं पाश्चात्त्यांचं. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या, नंतर डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. पुढे त्यांनी नांदायला नकार दिला, तेव्हा नवरा मुंबईच्या हायकोर्टात गेला, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. बाईला नांदायला लावणारा तो दावा आपल्या शास्त्रातला नव्हता. इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आला होता. इंग्लंडने तो १९७० मध्ये रद्द केला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ म्हणून अजून आहे.