खोलीचं तापमान

एचआयव्हीच्या रुग्णाच्या रक्तातल्या पेशी मोजायच्या किटच्या डब्यात एक घडीचा कागद निघतो. औषधाच्या बाटलीबरोबर असतो तसला, पातळ आणि दोन्ही बाजूंनी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेला. त्यात एक ओळ हमखास असते: खोलीच्या तापमानाला, अंधारात, १५ मिनिटं ठेवा. ही ओळ लिहिणाऱ्याला एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता हिंगणघाटच्या एसटी स्टँडवर उतरवून घ्यावं, एवढीच माझी या धंद्यातली महत्त्वाकांक्षा उरली आहे.

त्याची खोली २० ते २५ अंशांची. आमची मे महिन्यात पंखा फुल करून ४१ आणि डिसेंबरात पहाटे ११. दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कधीतरी आमचीही खोली त्या कागदात बसते, पण तेव्हा सगळे सुट्टीवर असतात. अंधाराचा मात्र प्रश्न नाही. तो न मागता मिळतो, वीज जाऊन, तेही नेमका पेशी मोजणाऱ्या यंत्राचा लेझर तापून तयार झाल्यावर.

काम सांगायला एका ओळीचं आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये सीडी४ नावाचं प्रथिन अंगावर वागवणाऱ्या टी-पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, किती, ते मोजून द्यायचं. धडधाकट माणसात साधारण ५०० ते १५००. एचआयव्हीचा विषाणू याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, म्हणून आकडा घसरतो. भारतात २०१७पासून आकडा कितीही असो, औषध सुरू करायचंच असं धोरण आहे. तरी आकडा लागतो, कारण तो २००च्या खाली गेला की डॉक्टरांना क्षय आणि बुरशीचा मेंदूज्वर असल्या संधिसाधू आजारांच्या मागे आधी धावावं लागतं.

सीडी म्हटलं की गावाकडं अजून लग्नाची सीडी आठवते. ही ती नाही. हे क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन. पूर्वी ज्या प्रयोगशाळेनं प्रतिपिंड, म्हणजे एखाद्या प्रथिनाला नेमकं ओळखून धरणारं प्रथिन, काढलं ती आपलं नाव ठेवायची. एकाच प्रथिनाला कोणी टी४ म्हणे, कोणी ल्यू-३. सातबारावर पांडुरंग, आधार कार्डावर पांडूरंग, गावात बंड्या, आणि तिघांच्या नावे वेगवेगळं कर्ज, तसा कारभार. शेवटी १९८२ साली पॅरिसला पंचायत बसली आणि क्रमांक वाटले गेले.

प्रतिपिंडाची गोष्ट संत्र्याच्या कलमासारखी आहे. वरूड-मोर्शीकडं जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात: खुंट चिवट, फळ डोळ्याचं. १९७५ साली केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी तेच उंदरात केलं. उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी घेतली, जी बाहेर चार दिवसांत मरते. आणि कर्करोगी पेशी घेतली, जी मरायचं नावच घेत नाही. फरक एवढाच की इथे खुंट आणि डोळा पार एकजीव होतात. अशा एका पेशीच्या वंशातली सगळी पोरं एकसारखंच प्रतिपिंड बनवतात, आणि ते प्रथिनाच्या एकाच ठरलेल्या जागी चावतं. दोघांना १९८४चं नोबेल मिळालं. पेटंट घेतलं नव्हतं. कलमाची रोपं मग जगभर गेली.

आता या प्रतिपिंडाच्या अंगाला चमकणारा रंग बांधायचा आणि रक्तात सोडायचा. लग्नाच्या मांडवाच्या दारात टिळा लावायला उभं केलेलं पोरगं डोळ्यांपुढे आणा. त्याला सांगितलंय, फक्त नवरदेवाच्या मामांना टिळा लाव. पोरगं कामात चोख. घोळ पाहुण्यांचा असतो. मोनोसाइट नावाच्या पेशींच्या अंगावरही थोडं सीडी४ असतंच, म्हणजे हे लांबचे मामे. टिळा फिका, पण लागतो. म्हणून दुसऱ्या रंगाचं दुसरं पोरगं लागतं, सगळ्या टी-पेशींवरचं सीडी३ ओळखणारं, आणि दोन्ही टिळे असतील तोच खरा. शिवाय मोनोसाइटला प्रतिपिंडाची शेपटी धरून ठेवायची खोड आहे, ओळख असो नसो. अख्ख्या रक्तात सीरममधली साधी आयजीजी, म्हणजे रक्तातलीच प्रतिपिंडं, ही जागा बरीचशी आधीच अडवून बसते, हे आपलं नशीब. मेलेल्या पेशींचं तर विचारूच नका. त्या कुसळासारख्या: जे जवळून जाईल त्याला चिकटतात आणि सगळ्या रंगांत चमकतात. कुणालाच न ओळखणारं पोरगं उभं करून नुसत्या घसटीनं किती टिळे लागतात ते बघायची पद्धत आहे, तिला आयसोटाइप कंट्रोल म्हणतात. माझा त्याच्यावर फार जीव नाही. बाकीचे सगळे रंग घालून एकच वगळलेली नळी जास्त खरं बोलते.

एवढं सगळं रक्त आल्यावर. आणि रक्त येतं एसटीनं.

जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची नळी, खुणेपर्यंत भरलेली, आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी केलेली, असं कागदात असतं. प्रत्यक्षात कोणी ती ताक घुसळावं तशी हलवतो, तर कोणी हलवतच नाही, आणि नळीत साबुदाण्याएवढी गुठळी निघते. गुठळीत किती पांढऱ्या पेशी अडकल्या ते देवाला माहीत, आणि उरलेली यंत्राच्या बारीक नळीत अडकली की आमचा दिवस संपला. त्याहून चांगल्या मनाचे लोक जास्त नुकसान करतात.

"मॅडम, खराब होऊ नाही म्हणून रातभर फ्रीजात ठेवलं होतं."

"अहो भाऊ, दूध आहे का ते?"

"नाही जी. पण गरम किती हून राह्यलं!"

त्याचंही चूक नाही. सीडी४चं रक्त फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं, खोलीच्या तापमानाला ठेवायचं असतं, आणि खोली कोणाची ते कुठंच लिहिलेलं नसतं. प्रतिपिंडाची कुपी मात्र बरोबर उलटी: २ ते ८ अंशांत, आणि गोठवायची कधीच नाही. पीई हा रंग म्हणजे शेवाळातून काढलेलं भलंमोठं प्रथिन. एकदा गोठून वितळलं की कामातून गेलं. सिंगल डोअर फ्रीजमध्ये बर्फाच्या खणाला टेकून ठेवलेली कुपी नक्की गोठते. मधल्या खणात मध्यभागी ठेवा आणि त्या फ्रीजमध्ये कोणाचाही डबा ठेवू देऊ नका. दार जितक्या वेळा उघडतं तितका उन्हाळा आत जातो.

आता पिपेट, म्हणजे बटण दाबून थेंब मोजून घ्यायची नळी. ५० मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, म्हणजे ड्रॉपरचा एक थेंब. पाच मायक्रोलिटर चुकले तर आकडा १० टक्क्यांनी चुकला, इतका हा थेंब महाग आहे. म्हणून उलटं पिपेटिंग: बटण दुसऱ्या अडथळ्यापर्यंत दाबून रक्त ओढायचं आणि सोडताना पहिल्याच अडथळ्यावर थांबायचं. टोकात उरलेलं रक्त फेकायचं. नवीन माणसाला ते बघवत नाही, तो पूर्ण दाबून शेवटचा थेंबही काढतो, लोटीतलं तूप निपटावं तसा. टोक बाहेरून पुसायचं, पण कापूस भोकाला लागू द्यायचा नाही, नाहीतर कापूसच पाच मायक्रोलिटर पितो. नळीच्या तळाशी मोजलेल्या मण्यांची गोळी असते, पेशींचा आकडा त्या मण्यांशी ताडूनच निघतो, तिला टोक लावायचं नाही. आणि रक्त नळीच्या भिंतीवर वर लागलं तर ते प्रतिपिंडाला भेटतच नाही. पुढच्या पायरीत द्रावणाबरोबर खाली उतरतं आणि बिनटिळ्याच्या पेशी म्हणून मोजलं जातं. मांडवाच्या मागच्या बाजूनं थेट पंगतीत बसलेले पाहुणे ते हेच.

त्यात २० मायक्रोलिटर प्रतिपिंडांचं मिश्रण, हलकेच फिरवून १५ मिनिटं अंधारात. इथे आमची खोली उभी राहते. पेशी जिवंत असते हे आपण विसरतो. उष्णता मिळाली की अंगावर चिकटलेली प्रतिपिंडं ती एका टोकाला गोळा करते आणि मग प्रथिनासकट आत ओढून घेते. याला शास्त्रात कॅपिंग म्हणतात. आपल्याकडं टोपी घालणं म्हणतात, आणि अर्थ अगदी तोच आहे. एसी असेल तर प्रश्न नाही. नसेल, किंवा इन्व्हर्टरवर फक्त यंत्र चालत असेल, तर स्टीलच्या खोल डब्यात माठाचं पाणी घ्या, त्यात थर्मामीटर सोडा, २२-२३वर येईपर्यंत बर्फाचा खडा घाला, नळ्या त्यात उभ्या करा आणि वर काळं कापड टाका. हिवाळ्यात तेच पाणी कोमट घ्या. विदर्भातली खोली म्हणजे हा डबा.

मग लाल पेशी फोडायच्या. लायझिंगचा अर्क १० पट पातळ करायचा, १० मिलिलिटरला ९० मिलिलिटर शुद्ध पाणी. बोअरचं पाणी नाही. त्यात इतके क्षार असतात की द्रावणाचा मूळ हिशेबच मोडतो. नळीत ४५० मायक्रोलिटर घालून पुन्हा १५ मिनिटं अंधारात. द्रावण थंडगार असेल तर लाल पेशी फुटत नाहीत, म्हणजे डिसेंबरातही सुटका नाही. नळी डोळ्यांसमोर धरली की पलीकडचं अक्षर वाचता आलं पाहिजे. गढूळ राहिली तर चिठ्ठीवर सिकलसेल लिहिलंय का ते बघा. आमच्याकडं हा आजार गावोगाव आहे आणि सिकलच्या लाल पेशी पाणी शिरून सहजी फुटत नाहीत. थोडा वेळ जास्त द्या. आणि यंत्राला सांगा की ज्याच्या अंगावर सीडी४५चा रंग आहे, म्हणजे जी पांढरी पेशी आहे, तीच मोज. धुवायचा मोह होतो. धुवायचं नाही. सेंट्रिफ्यूजनंतर वरचं पाणी ओतताना मणी सांडले की सगळा हिशेब बुडाला.

यंत्राबद्दल थोडक्यात. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर, त्याच्यासमोरून पेशी एकामागे एक, रेशनच्या रांगेत नसतात इतक्या शिस्तीत जातात. एफआयटीसी हा दुसरा रंग ५२०च्या आसपास हिरवा चमकतो, पीई ५७५च्या आसपास पिवळा-नारिंगी. हिरव्याची थोडी गळती नारिंगीच्या खिडकीत जातेच. त्यामुळं सीडी३चा हिरवा टिळा लावलेली सीडी८ पेशी, म्हणजे दुसऱ्या जातीची टी-पेशीसुद्धा, आपल्याकडंही सीडी४ आहे असा आव आणते. ही गळती वजा करण्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. भरपाई म्हटलं की इथे माणूस आधी पंचनामा झाला का विचारतो, आणि ते बरोबरच आहे: एकेक रंग वेगळा लावलेल्या नळ्यांचा पंचनामा केल्याशिवाय ही भरपाई ठरवायची नाही. जास्त दिली तर खऱ्या पेशीही वजा होतात. ते नुकसान मग कोणी भरून देत नाही. संध्याकाळी ५ मिनिटं ब्लीच, ५ मिनिटं शुद्ध पाणी. ज्या दिवशी वीज आधी जाते, त्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र तुंबतं.

गणित तिसरीतलं आहे. समजा ४,००० सीडी४ पेशी मोजल्या, त्याच वेळात १०,००० मणी मोजले गेले, पाकिटावर नळीत ५०,००० मणी लिहिलेत आणि रक्त ५० मायक्रोलिटर. ४,००० भागिले १०,०००, गुणिले ५०,००० भागिले ५०. उत्तर ४००. रक्त चुकून ४५ गेलं असेल तर हेच ३६० दिसतं, आणि कागदावर दोन्ही सारखेच रुबाबदार दिसतात.

खिडकीपाशी काकाजी रिपोर्टाची वाट बघत असतात. मागचा ३८०, आताचा ४१०.

"औषध लागू पडलं ना जी?"

औषध नीट घेता ना, तेच महत्त्वाचं, असं आधी सांगायचं. तीसचा फरक पिपेटमधला असू शकतो. सीडी४ दिवसाच्या वेळेनुसारही हलतो, सकाळी कमी आणि रात्रीकडं जास्त. मागच्या वेळी काकाजी पहाटेच्या गाडीनं आले होते, यंदा दुपारच्या. म्हणून पुढच्या वेळी त्याच वेळेला या, पहाटेच्याच गाडीनं, एवढं सांगायचं.

"ते गाडी बंद झाली ना, बाप्पा."