घरामागे आई-वडिलांसाठी खोली बांधू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

आपण कॅलिफोर्नियात राहत असाल, घरामागे थोडे अंगण असेल आणि आई-वडील वर्षातले सहा महिने आपल्याकडे येत असतील, तर त्या अंगणात एक छोटेसे स्वतंत्र घर, म्हणजे इकडच्या बोलीत एडीयू, अवश्य बांधायला घ्यावे. पुढची दोन-तीन वर्षे वेळ कसा घालवावा हा प्रश्न आपल्याला पडणार नाही. नगरपालिकेचे चौथे दुरुस्तीपत्र, म्हणजे अर्जातल्या उणिवा दाखवणारे पत्र, मला गेल्या मंगळवारी मिळाले असल्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी समजतो.

सुरुवात कायदा वाचण्यापासून करावी, कारण इतके मन प्रसन्न करणारे वाचन हल्ली फारसे मिळत नाही. राज्यात घरांची टंचाई आहे हे ओळखून विधिमंडळाने २०१६ साली आणि पुन्हा २०१९ साली कायदे केले. बाजूच्या व मागच्या कुंपणापासून ४ फूट जागा सोडा, ८०० चौरस फुटांपर्यंतचे, १६ फूट उंचीचे घर बांधा, नगरपालिकेने त्याला आडकाठी करायची नाही, शेजाऱ्यांची सुनावणी घ्यायची नाही आणि परिपूर्ण अर्ज हाती आल्यापासून ६० दिवसांत निकाल द्यायचा, इतके सगळे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. हे वाचून माझ्यासारखाच आपणही त्याच रात्री आईला फोन करून 'पुढच्या वेळी याल तेव्हा तुमची स्वतंत्र खोली तयार असेल' असे सांगून टाकावे.

घर ७४९ चौरस फुटांचेच काढावे. २०२५ अखेरपर्यंत ७५० झाले की विकास शुल्क लागू होत असे, म्हणून सगळेच ७४९ चे काढू लागले आणि तो एक फूट कुठे गेला हे कोणी कोणाला विचारत नाही. मात्र ५०० च्या वर गेलात की शाळांसाठीचे शुल्क भरावे लागते. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. ते बालवर्गात जायचे म्हणाले तर सोय असलेली बरी.

सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडून त्याचे चित्रीकरण करून घ्यावे. दिवाळीला पाहुणे आले की दाखवता येते.

शेजाऱ्यांना आधी विश्वासात घ्यावे. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी 'त्यांची गाडी कुठे उभी राहणार?' असे मला तीनदा विचारले. आईने आयुष्यात लूनाखेरीज काही चालवलेले नाही, हे त्यांना समजावून सांगण्यात एक पूर्ण रविवार गेला.

वीजजोडणी १०० अँपिअरची असेल तर ती वाढवून घेण्याचा अर्ज आजच करावा, म्हणजे नातवंडांच्या उपयोगी पडेल.

आता मुख्य सूचना. ते ६० दिवस अर्ज 'परिपूर्ण' झाल्यापासून मोजायचे असतात आणि सगळे पाणी त्या एका शब्दात मुरते. २०२३ पासून कायदा असेही सांगतो की अर्ज नाकारायचा असेल तर सर्व त्रुटींची पूर्ण यादी अर्जदाराला लेखी द्यावी. आमच्या नगरपालिकेने यावर फार सुंदर तोडगा काढला आहे: ती अर्ज नाकारतच नाही, तो फक्त अपूर्ण आहे असे कळवते. पहिल्या पत्रात कळवले की नकाशाच्या तिसऱ्या पानावर उत्तर दिशेचा बाण नाही. बाण काढला. दुसऱ्या पत्रात कळवले की कुंपणापासूनचे अंतर '४ फूट' असे न लिहिता '४ फूट ० इंच' असे लिहावे. तो शून्यही लिहिला. तिसऱ्या पत्रात कळवले की अंगणाच्या कोपऱ्यात दाखवलेल्या झाडाची जात आणि बुंध्याचा व्यास नोंदवावा. आमच्या अंगणात झाड नाही. कोपऱ्यात प्लास्टिकच्या टबात लावलेला कढीपत्ता आहे आणि आरेखकाने हौसेने तिथे एक गोल काढून ठेवला होता. आईने शिवणाची टेप आणून बुंधा मोजला, तो अडीच इंच भरला. वाद नको म्हणून मी तो गोलच नकाशावरून पुसून टाकला आणि टब उचलून पुढच्या दाराशी नेऊन ठेवला. यावर परवाच्या चौथ्या पत्रात काय यावे? आधीच्या नकाशात असलेले झाड नव्या नकाशात दिसत नाही, तरी ते तोडल्याचा परवाना जोडावा.

इथे मला सूचना सुचेनाशा झाल्या आहेत, तेव्हा नगरपालिकेशी सरळच बोलतो. हा बाण, हा शून्य आणि हा गोल पहिल्या दिवसापासून त्याच कागदांवर होते. बाण नाही आणि शून्य राहिला आहे हे दोन्ही एका पत्रात लिहायला किती शाई लागली असती? एका पत्रापासून दुसऱ्या पत्रापर्यंत दोन-दोन महिने जातात, ते आपल्या खिशातून जात नाहीत हे ठाऊक असल्यामुळेच तुम्ही असे वागता. काँट्रॅक्टरने दर दोनदा वाढवून सांगितला आहे. वडिलांना आमच्या घराचा जिना चढवत नाही, म्हणून मुक्कामाचे सहाही महिने ते बैठकीतल्या सोफ्यावर झोपले, रात्री न्हाणीघरात जाताना भिंत चाचपत गेले, आणि मुदत संपल्यावर गेल्या महिन्यात पुण्याला परतले. जाताना मागच्या दारात उभे राहून त्यांनी आखणीसाठी ठोकलेल्या चार खुंट्या पाहिल्या आणि 'जागा चांगली आहे रे' एवढेच म्हणाले. टंचाईवर भाषणे करता, घरे बांधा म्हणून पत्रके छापता आणि कोणी खरोखर बांधायला निघाला की कढीपत्त्याचा बुंधा मोजायला लावता! लाज वाटायला हवी.

पाचव्यांदा अर्ज उद्या भरणार आहे. त्याला टबाची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे जोडली आहेत आणि उत्तरेचा बाण या खेपेस प्रत्येक पानावर आहे, मुखपृष्ठावरसुद्धा.